खालच्या मजल्याची हवा

वरचा मजला
दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आशीर्वाद द्यायची पद्धत आहे म्हणून दिला, लगेच वापरून टाकू नकोस.

एकाच घरात वर-खाली राहून टोपलीतून पत्रं सोडणं हा पोरखेळ आहे, हे मलाही कळतं. पण समोरासमोर भांडायला लागलो की दोन वाक्यांत तुला धाप लागते, तिसऱ्यात मला, आणि भांडण अर्धवट राहतं. कागदावर निदान पुरं होतं.

इस्पितळातल्या व्यायामाच्या वर्गाचा आज माझा पहिला दिवस. दोन माणसांनी मला खुर्चीत बसवून जिना उतरवला तेव्हा तू खाली आपल्या दगडी पाट्यांच्या कारखान्याच्या दारात हाताची घडी घालून उभा होतास. पाहिलंस ना पोटभर? ज्याच्या हाताखाली तीस वर्षं दगड घासलास, तो गाठोड्यासारखा खाली आला.

व्यायामवाल्या बाईंनी खांद्याला अडकवायची पिशवी दिली आहे. आत छोटं नळकांडं, त्याची नळी नाकाला. ते लावून वर्गात आणि घरी चालायचं, आठ आठवडे. निम्म्यांच्या नळकांड्यात ऑक्सिजन, निम्म्यांच्या साधी हवा. कोणाचं काय ते बाईंनाही ठाऊक नाही, यादी पाकिटात बंद. चालताना ऑक्सिजन लावून आमच्यासारख्या फुफ्फुसं गेलेल्यांना किती फरक पडतो, ते त्यांना पाहायचंय. तुलाही घेतलंय असं कळलं. मी सोमवार-बुधवार-शुक्रवार, तू मधल्या दिवशी. तेवढी अक्कल बाईंना आहे.

लेकीने मला बजावलंय की आठ आठवड्यांनी अठरा पायऱ्या आपल्या पायांनी चढून दाखवा, नाहीतर सामान बांधून माझ्याकडे चला. तिच्याकडे म्हणजे सातव्या मजल्यावर, नातवाच्या खोलीत, दुमडायच्या पलंगावर. मी जाणार नाही. तुला आनंदाच्या उकळ्या फुटत असतील तर आवर.

लोभ होता तेवढा पुरे, वाढवू नये.
तुझा थोरला भाऊ

खालचा मजला
दि. ८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग नमस्कार कागदावरच घे. खरोखर वाकलो तर उठवायला माणूस लागेल, आणि ही पाळी कोणामुळे आली ते तुला माहीत आहे.

तुझी शोभा बघायला मी दारात नव्हतो. खुर्चीचा पाय तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्याला अडकतो, म्हणून उभा होतो. पडला असतास तर पुतणीला तोंड मला द्यावं लागलं असतं.

तीन वर्षं एकच गोष्ट विचारतोय, आज परत विचारतो. कारखान्यातली धूळ ओढायचा पंखा मी आणला, मी भिंतीत बसवला. रोज सकाळी तो बंद कोण करायचं? त्याच्या घरघरीने हात हलतो, कोरलेलं अक्षर बिघडतं, ही कुरकुर कोणाची होती? विचारलं की तू म्हणतोस मोटार जळाली होती. मग माझ्या बिड्या काढतोस. ओढत होतो बिड्या, नाही म्हणत नाही. पण तुझी फुफ्फुसं बिडीशिवाय कशी गेली, तेही एकदा सांग.

वर्गाच्या व्हरांड्यात फळा आहे. सहा मिनिटांत कोण किती चाललं ते बाई त्यावर लिहितात. माझे दोनशे दहा मीटर, तुझे एकशे साठ. बाईंचं अक्षर ठळक आहे, तुला चष्म्याशिवाय दिसलं असेल.

लोभाचं तू ठरवशील तसं.
तुझा धाकटा

वरचा मजला
दि. २४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आ. गेल्या पत्रातलेच चालव.

आज फळा पाहिला. तुझे दोनशे सत्तर. माझे एकशे नव्वद, तेही भिंतीला धरून. बोटाला चिमटा लावून बाई रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघतात आणि मान हलवतात. गॅलरीत रोज तीस फेऱ्या मारतो, घाम निघतो, आणि पायरीवर पाय ठेवला की चौथीला छाती भरून येते. चार! अठरांपैकी चार!

मला सगळं कळलंय. तू बाईंना दारावरची पाटी फुकट कोरून दिलीस. खरा ऑक्सिजन तुझ्या खांद्याला आणि माझ्या नळकांड्यात सायकलच्या पंपातली हवा. लहानपणापासून गोड बोलून आपल्या ताटात ओढून घ्यायची तुझी सवय. मी लेकीकडे गेलो की वरच्या खोल्याही तुलाच मोकळ्या. डाव चांगला आहे, पण मी अजून मेलेलो नाही.

उत्तराची अपेक्षा नाही. टोपली मात्र लगेच वर पाठव, दूध त्यातूनच येतं.
थोरला

खालचा मजला
दि. २५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. टोपली जड लागेल, दोन्ही हातांनी ओढ.

तिच्यात माझं नळकांडं आहे. तुझं खाली सोड. दोन्ही दिसायला सारखी आहेत, फक्त गळ्याशी बांधलेला दोरा वेगळा. तो दोरा बघूनच इस्पितळातला माणूस तशाच जातीचं भरलेलं नळकांडं देतो, म्हणजे पुढेही तुला माझंच मिळत राहील. तुम्ही वापरताय ते बदलू नका, असं बाईंनी दहा वेळा बजावलंय. तरी बदलतोय, कारण तुझी रड ऐकून कान किटले.

पाटी कोरून दिली, हो. पाकीट फोडलं नाही. पण खरं सांगायचं तर मलाही वाटतं की माझ्यात ऑक्सिजनच असावा, इतकं हलकं वाटतं. घे. ही मेहेरबानी समजू नकोस. तू सातव्या मजल्यावर जाऊन बसलास तर पंख्याचं उत्तर मी कोणाकडे मागू? ते मिळाल्याशिवाय तुला या घरातून हलू देणार नाही.

तुझा धाकटा

वरचा मजला
दि. २० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आज मनापासून, कारण मी जिंकलोय.

दोनशे पंचेचाळीस मीटर! आणि जिना अकरा पायऱ्यांपर्यंत, कठड्याला एकच हात. नळी नाकाला लावली आणि पहिल्याच दिवशी कळलं, याला म्हणतात ऑक्सिजन. तीन आठवडे माझ्या वाटचा श्वास तू दाबून बसला होतास ते आता सिद्ध झालं. कागदावर कबूल कर.

तुझे तीनशे दहा कसे झाले ते मात्र समजत नाही. माझ्यावरच्या रागानेच चालत असशील. मीही फळ्यावर तुझा आकडा वाचल्याशिवाय चालायला सुरुवात करत नाही. त्याने पायात जोर येतो.

थोरला

वरचा मजला
दि. ४ एप्रिल

चि. धाकट्यास,
आ. आज काय लिहावं ते सुचत नाही.

परवा लेकीसमोर अठराच्या अठरा पायऱ्या चढलो. तू खाली तिसऱ्या पायरीशी उभा होतास, पाहिलंय मी. लेक रडली आणि सामान बांधायच्या पेट्या परत घेऊन गेली. तिथेच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

आज वर्गाचा शेवटचा दिवस. मी छाती फुगवून बाईंना सांगितलं की भावाने लाटलेला ऑक्सिजन मी कसा वसूल केला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पाकीट फोडलं. दोन्ही भावांनी मिळून माझी आठ आठवड्यांची मेहनत मातीत घातलीत, असं म्हणून आपली दोघांची नावं त्यांनी कापली. मग यादी माझ्यासमोर ठेवली.

ऑक्सिजन माझ्या पहिल्या नळकांड्यात होता. तुझ्यात साधी हवा होती.

म्हणजे मी तुझ्याशी भांडून साधी हवा मिळवली आणि तिच्यावर जिना चढलो. मला ते पटेना. बाई म्हणाल्या की तुमचे पाय बसून बसून चालायचं विसरले होते, ते चालून चालून शिकले. तुमच्या बाबतीत नळकांड्याने फारसा फरक पडला नाही, पण तुमच्या भावाचं वेगळं आहे. चालताना त्याच्या बोटाचा आकडा भराभर खाली यायचा, तो गेला महिनाभर टिकून आहे. तेव्हा डॉक्टरांना सांगून त्याला चालताना ऑक्सिजन कायमचा द्यायचा विचार आहे. मी त्यांच्यापुढे मान वर केली नाही.

आता कान देऊन वाच, दुसऱ्यांदा लिहिणार नाही. मोटार जळाली नव्हती. पंखा मीच बंद करायचो, रोज, तू यायच्या आत. मला अक्षर सरळ हवं होतं. तू खोकायचास आणि मी म्हणायचो, बिड्या कमी कर. तीस वर्षं मी तुझी हवा खाल्ली. आणि आयुष्यात एकदा तुला चांगली हवा दिली, तीसुद्धा तुला लुबाडतोय असं समजून.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील आणि मला ते सहन होणार नाही. उद्या सकाळी खाली येतो, पायांनी. कारखाना बघायचा आहे. बोलायला लावू नकोस.

थोरला

खालचा मजला
दि. ४ एप्रिल, संध्याकाळ

दादा,
तुझं पत्र दोनदा वाचलं. राग गेला असं समजू नकोस, उलट आता तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

आठला ये. तिसऱ्या पायरीचा कोपरा मी आज घासून काढलाय. नळी लावून दाराशी उभा असेन. पंखा चालू असेल, त्याला हात लावलास तर याद राख.

तुझा धाकटा