गिरजाबाईच्या गोळ्या

दापोडी,
८ नोव्हेंबर १९७८

प्रिय इंगूताई,

तुझं कार्ड मिळालं. तू मराठीत लिहिलंस, म्हणून मीही मराठीतच लिहिते. एखादा शब्द अडला तर दोनदा वाच.

तुझी पत्र्याची खोली चिमाबाईंनी एका फिटरला भाड्यानं दिली आहे. त्या अजून तुझी आठवण काढतात. नॉर्वेहून आलेली पोर क्षयासाठी आमची थुंकी तपासायची, म्हणतात, आणि आमच्याच बायका थुंकीच्या डबीला हात लावायला भ्यायच्या. सकाळी स्टोव्हवर सुया उकळताना तू शब्द घोकायचीस, खोकला, ताप, बेडका. पहिल्याच महिन्यात जुलाबांनी आडवी झालीस. चिमाबाईंनी पेज पाजली, आणि चौथ्या दिवशी कंपनीचा सातचा भोंगा वाजताना तू पिशवी घेऊन माझ्या दाराशी. आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेली मी एकटीच मुलगी. तू इंग्रजीत बोलायचीस, मी मराठीत सांगायची. लोक बघायचे तुझ्याकडे, पण ऐकायचे माझं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

दर कार्डात तू गिरजाबाईची चौकशी करतेस. तीन वर्षांपूर्वी, तू परत जायच्या आठवड्यात आपण तिच्याकडे शेवटचं गेलो होतो. दुष्काळात बीडकडून आलेलं कुटुंब, नवरा ज्योतीराम फाउंड्रीत. तुझ्या इंजेक्शनांनी तिचा ताप गेला होता, अंग भरलं होतं. तू म्हणालीस, कितीही बरं वाटलं तरी गोळ्या अजून पंधरा महिने घ्यायच्या. ज्योतीराम शिफ्टवरून नुकताच आला होता. त्यानं मला विचारलं, "किती दिस म्हनती बाई?" मागे त्याची आई बसलेली. दुखणं वर्षाच्या वर लांबलं तर सुनेला माहेरी टाकून पोराचं दुसरं लग्न लावीन, असं ती गल्लीभर सांगत होती. गिरजाबाई माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी म्हणाले, "तीन महिने."

तू मान डोलावलीस. दुखण्याचे शब्द तुला येत होते, मराठी आकडे नाही. तुला वाटलं, मी तुझंच सांगितलं.

तिला एकटीला गाठून खरं सांगायचं मी ठरवलं होतं. तू गेल्यावर दोनदा गेलेही. दोन्ही वेळा सासू दारात. नंतर गिरजाबाईनंच निरोप धाडला, घरी येऊ नका, शेजारी संशय घेतात. मलाही ते सोयीचं झालं. तीन महिन्यांनी तिनं गोळ्या बंद केल्या. वर्षभर ती चांगली होती, तुला मी तसं लिहिलं ते खरंच होतं. मग रक्त पडायला लागलं. गेल्या वर्षी श्रावणात ती गेली. त्यानंतर तुझं कार्ड आलं, तेव्हाही मी लिहिलं, गिरजाबाई बरी आहे.

आता तिची अंबू आजारी आहे. नऊ वर्षांची पोर, उचलली तर कापडाच्या बोचक्यासारखी हलकी लागते. चार महिने त्याच गोळ्या, तीच इंजेक्शनं चालू आहेत. मी रोज समोर बसून गिळायला लावते, तरी उतार नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आईनं औषध अर्धवट सोडलं, जंतू त्याला सरावले, आणि तेच पोरीत आलेत.

काल ज्योतीरामला मी सगळं सांगितलं. तो पायरीवर टेकला. मग म्हणाला, "तवा तुमी खरं सांगितलं असतं, तरी मी तिला ठिवलं असतं का धाडलं असतं, मलाच ठाव न्हाई." आणि उठताना, "त्या बाईला लिवा."

म्हणून लिहिते आहे. रिफाम्पिसिन नावाचं नवं औषध आहे, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, तो कागद आणि अंबूच्या वजनाची नोंद सोबत जोडली आहे. इथं ते मिळत नाही. तुझ्या संस्थेकडून मिळेल का? अंबू आजारी पडली नसती, तर यंदाही मी तुला 'बरी आहे' एवढंच लिहिलं असतं. हे लपवून तुझ्याकडे काही मागणं मला जमेना. माझ्यासाठी चार ओळी नाही लिहिल्यास तरी चालेल. औषध मात्र लवकर पाठव, पोर फार थकली आहे.

तुझीच,
कस्तुरा