रिकाम्या पाळण्याची दोरी

शांते, माझे पोरी,

उद्या जावईबापू येतायत. तुझ्या लेकीला इथे ठेवायची की त्यांच्या बहिणीकडे धाडायची, ते विचारायला. उत्तर आधी तुला सांगावं म्हणून तुझ्या बाबांचा टाक-दौत घेऊन बसलेय. दुसरीत शाळा सुटली माझी, ठाऊक आहे तुला. चुका काढू नकोस.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आलीस. आपल्या पायांनी आलीस आणि गेलीस कशी! एवढं कसं गं केलंस?

सकाळी पडवीत घोंगडी टाकून डोळे मिटून बसायचीस. शाळेतल्या व्यायामाच्या बाईंनी आसनं शिकवलेली. पोट आलं तशी आसनं सुटली, पण श्वास घेत बसणं नाही सोडलंस. मी म्हणायचे, "झोप झाली नाही का?" तू म्हणायचीस, "आई, तूही बस." बसले एकदा. लगेच उठले, "दूध उतू जाईल!"

"चूल पेटवलीयस का?"

पेटवलीच नव्हती! केवढी हसलीस, पोट धरून.

मग मला शेजारी जमनाबाईंकडे नेलंस. सगळं सिंधमध्ये टाकून आलेली बाई, पदरी तान्हा मुलगा. त्याच्या पाळण्याची दोरी माझ्या हातात दिलीस. "तुला नुसतं बसवत नाही ना? मग हाताला काम घे. ओढताना श्वास आत, सोडताना बाहेर. सोडताना घाई नको, आई."

मी म्हटलं, "थेरं नुसती." बरं वाटलं होतं गं. पण तुला कशाला सांगते!

शिकवायला बसलीस आणि मधेच उठून गेलीस. असं कोण करतं?

बाळंतपणातच तू गेलीस आणि माझी छाती आवळली ती आवळलीच. श्वास अर्ध्यावर अडायचा. कुणी म्हणे रडा, कुणी म्हणे शिवमंदिरात जाऊन बसा. गेले. गार दगडावर टेकले नाही तोच उठून घरी आले. आणि तुझी पोर? तिला हात लावला नाही मी. तुझी जिवणी आहे तिला. बघवेना. जमनाबाईच घेऊन गेल्या, आपल्या मुलाबरोबर हिलाही पाजू लागल्या. 'घेऊन जा तुमची पोर,' असा निरोप जावयांना मीच धाडला. त्यांना तेव्हा सुट्टी मिळाली नाही, म्हणून ती राहिली.

तुझाच जुना पाळणा बाबांनी टांगला होता. तो तसाच लोंबकळत होता.

एका सकाळी आवरताना तुझी घोंगडी हाताला लागली. तुझं अंथरूण कधीच देऊन टाकलं होतं, ही तेवढी मागे राहिलेली. पाळण्याखाली टाकून बसले. डोळे मिटले. जमेना. हाताला काम घे, म्हणाली होतीस. हात दोरीकडे गेला. ओढताना आत. सोडताना बाहेर. श्वास पोटापर्यंत पोचला आणि मग जे रडू फुटलं! रडत रडत ओढत राहिले.

तेवढ्यात दारातून जमनाबाई ओरडल्या, "अदी! ये क्या करती हो? खाली झूला नहीं हिलाते!" अदी म्हणजे त्यांच्यात ताई. रिकामा पाळणा हलवणं अपशकुनी, हे मला कळत नव्हतं? मी म्हटलं, "अजून काय वाईट व्हायचं राहिलंय?"

त्या आत आल्या. कडेवरची तुझी लेक पाळण्यात ठेवली. "अब हिलाओ." आणि चालत्या झाल्या!

ती लागली रडायला. मी दोरी ओढली. ती रडते, मी रडते, पाळणा आपला हलतोय. हळूहळू ती निवली. इवलंसं पोट वरखाली होत होतं, तू बसायचीस तस्सं. हिला कोणी गं शिकवलं? मग उचललंच मी तिला.

तेव्हापासून रोज सकाळी दोरी धरून बसते. रडू गेलं नाही, शांते. आजही आलं. पण रडून झाल्यावर आता उठता येतं, चूल पेटवता येते.

उद्या सांगणार आहे जावईबापूंना, पोर इथेच राहील. चिडले तर चिडू देत. सुतकात बारसं राहिलं, तेही करते.

मोठी झाली की विचारील, माझी आई कशी होती? तेव्हा दूध उतू गेलं तरी उठणार नाही मी. तुझ्या घोंगडीवर तिच्याशेजारी बसेन आणि सगळं सांगेन. वचन आहे माझं.

तुझी घायकुती,
आई