उपवासाला सोडलेला वागनर

प्रिय किलियानदादा,

देव तुझं रक्षण करो. कंबर कशी आहे? इस्पितळातलं सूप अजून पाण्यासारखंच असतं का? इकडे सारे ठीक. गाय व्यायली, हेडविगचा खोकला गेला.

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाच्या पहिल्या सकाळी, कपाळावर राख लावून चर्चमधून आलो, तो थेट गाण्याच्या तबकड्यांच्या कपाटापुढे उभा राहिलो. तुझं ऑपरेशन नीट पार पडावं म्हणून ईस्टरपर्यंत आवडीचं काहीतरी सोडीन, असं मी देवाला बोललो होतो. बिअर डॉक्टरांनी आधीच सोडायला लावलेली (तीच देवाला पुन्हा कशी देणार?). उरलं संगीत. सगळंच सोडायचं म्हटल्यावर घाम फुटला, म्हणून ठरवलं, एक संगीतकार सोडू.

बाखला हात लावला, तर वाटलं, हा आपल्या कॅथलिक पंथाचा नसून लुथरपंथी असला तरी याच्याइतकी प्रार्थना मला कुणी शिकवली नाही. उपवासात प्रार्थना कशी सोडायची? सकाळी हायडन लागला नाही, की गाय पान्हा चोरते. ब्रुकनर आपल्याच भागातला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. त्याच्याशी अबोला धरून चर्चमधल्या ऑर्गनकडे कुठल्या तोंडाने बघू? शुबर्ट तर माझा जीव (पण कणीक मळताना हेडविगही तो गुणगुणते, म्हणजे तो तिचाही झाला, दुसऱ्याची वस्तू देवाला देऊ नये). असं करत करत मी मोठ्या मनाने वागनर सोडला.

संध्याकाळी फादर लाम्बेर्टना हे जरा अभिमानानेच सांगितलं. त्यांनी विचारलं, वागनर किती ऐकतोस? मी म्हटलं, तसा अजून ऐकलेला नाही.

"वा, वेन्डेलिन," फादर म्हणाले. "मग मीही यंदा हत्तीवर बसणं सोडतो."

उरलंसुरलं पुण्य घरी हेडविगने काढून घेतलं. "नवस भावासाठी, आणि सोडलंस काय, तर त्यानेच आपल्या लग्नात दिलेली वागनरच्या तबकड्यांची पेटी."

(पेटी जपून ठेवली आहे, दादा. कपाटाचा मोडका पाय तिच्यावरच टेकला आहे.)

तेव्हापासून शुबर्ट लावायला गेलो, की मला तुझी कंबर आठवते. तबकडीवर सुई टेकवताना हात अडतो. पण खरं सांगायचं, तर अडून शेवटी टेकवतोच.

तुझा धाकटा,
वेन्डेलिन

ता. क. पाकिटाच्या तळाशी कापसात गुंडाळलेली सुई आहे. इस्पितळाची समजून फेकू नकोस. माझ्या तबकडीयंत्राची आहे. उशाशी ठेव. मी फोन करून गोडीगुलाबीने मागीन, गाईला मधे घालीन, तरी देऊ नकोस. ईस्टरच्या सकाळी तूच घेऊन ये, स्वतःच्या पायांनी चालत.

पुन्हा ता. क. कापूस नीट उलगड. सुया दोन आहेत. दुसरीचं हेडविगला ठाऊक नव्हतं.