नव्या कॅमेऱ्यातला चेहरा

३ जून, सोमवार
नवा कॅमेरा आला. कॅमेरावाल्या नागेशने मॉनिटरवर मला माझाच चेहरा दाखवला. नाक, दोन्ही गाल — बारीक बारीक छिद्रंच छिद्रं. हे माझं? अकरा वर्षं या केबल चॅनेलवर हुबळीच्या बातम्या वाचतेय, असं कधी दिसलं नव्हतं.
"बिडरी अक्का, एवढं कोण बघतंय!" — नागेश. त्यानेच तर दाखवलं!

५ जून
कोण बघतंय? सगळे. काल मी गोकुळ रोडच्या खड्ड्यांची बातमी वाचली. नेटवर त्या व्हिडिओखाली कुणीतरी कन्नडमध्ये लिहिलंय — त्यापेक्षा जास्त खड्डे म्याडमच्या गालावर आहेत. शंभरावर लोक हसलेत. त्यात एक माझ्या शाळेतली मैत्रीण.

९ जून, रविवार
बर्फ चोळला. मुलतानी माती लावली. लिंबू — मेलं काय झोंबलं! अंड्याचा पांढरा बलक थापून बसले होते तेवढ्यात अप्पा खोलीत आले, आणि तसेच परत फिरले.
मोठं दाखवणारा आरसा आणलाय. आणायला नको होता.

१४ जून
शेषगिरी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चॅनेल त्यांचं. "कमल, आवाज चांगला आहे तुझा, उच्चार स्वच्छ. पण आता सगळं एचडी आहे. चेहऱ्याचं काहीतरी बघ." नजर फोनवरच.
लग्न जमलं नाही, त्याचं मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. रोज संध्याकाळी सातला त्या खुर्चीत बसायचं, गाव आपलं ऐकतंय — मला तेवढं पुरत होतं. आता तेही जाणार.

१६ जून
पल्लवी वहिनीने क्रीमची डबी दिली. साधी पांढरी डबी, नाव नाही, काही नाही. "कमरीपेठेतल्या माझ्या पार्लरवालीची. तिच्याकडच्या सगळ्या नवऱ्या मुली हेच लावतात. आठ दिवसांत बघ!"

१ जुलै
बघितलं! गाल कसे गुळगुळीत! उजळलेसुद्धा! नागेशने स्वतःहून कॅमेरा जवळ आणला. "छंद काणस्तीरी अक्का!" छान दिसताय म्हणे. सरांनी लांबून अंगठा दाखवला.
घरी येऊन अप्पांना विचारलं, मी कशी दिसत होते? "रोज दिसतेस तशी." त्यांना काय कळतंय!

२२ जुलै
दिव्यांखाली बसलं की गाल भाजतात. वहिनी म्हणते, मुरतंय ते, सोडू नकोस. आता दोनदा लावते.

८ ऑगस्ट
गालांवर लाल शिरा दिसायला लागल्यात. वरच्या ओठावर लव. काल एक दिवस डबी बंद ठेवली, तर सकाळी तोंड टोमॅटोसारखं आणि पुरळ. घाबरून परत लावली. लावल्यावर निवलं. म्हणजे आता हे सोडताच यायचं नाही का?

१३ ऑगस्ट
शेवटी धारवाडला गेले, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. हुबळीत कुणी ओळखलं असतं.
त्यांनी डबी उघडून पाहिली, मग मला पाहिलं. "किती दिवस?"
"दोन महिने होतील."
"यात स्टिरॉइड असणार. कातडी पातळ झालीय तुमची. हे थांबवायचं. थांबवल्यावर आधी आणखी बिघडेल, मी औषध देते. भरून यायला कित्येक महिने लागतील."
"आणि छिद्रं?"
"ती बंद होत नाहीत हो. सगळ्यांनाच असतात. कातडी सावरली की पुढे थोडी कमी दिसतील असं करता येतं — उन्हाचं क्रीम, एखादं औषध, सावकाश. पण जात नाहीत."
जात नाहीत. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. वाटेतलं नवलूर कधी गेलं कळलं नाही.

१९ ऑगस्ट
थांबवलं. चेहऱ्यावर पाणीसुद्धा सोसवत नाही. मेकअपचा प्रश्नच नाही. सरांना फोन केला — आठ दिवस सुट्टी. "घे, घे," म्हणाले. फारच पटकन म्हणाले.

२७ ऑगस्ट
माझ्या खुर्चीत नवी मुलगी, प्रियांका. एकवीस वर्षांची. तिचं 'जिल्हाधिकारी' अडखळतं. अप्पांनी टीव्ही बंद केला. मी परत लावला. शेवटपर्यंत बघितलं.

२८ ऑगस्ट
वहिनी आली होती. रडली. "मला काय माहीत गं, मी चांगल्यासाठीच दिली." तिला रागावायचंही बळ नाही.

९ सप्टेंबर
शेजारी गणपती बसलेत. आरतीला बोलावलं, गेले नाही. ओढणीने तोंड झाकून औषध आणायला गेले, तर दुकानदाराने आवाजावरून ओळखलं. "बातम्यांवाल्या म्याडम ना? बरेच दिवस दिसला नाहीत." बरं नाही म्हटलं. कुठे दिसणार आता मी!

१६ सप्टेंबर
सरांनी काम दिलं — पडद्यामागून जाहिराती वाचायच्या. आवाज फक्त. हो म्हटलं. दुसरं काय येतं मला?

२३ सप्टेंबर
प्रियांका मेकअपच्या खोलीत रडत बसली होती. "अक्का, सर म्हणतात माझ्या चेहऱ्याची छिद्रं दिसतात." मी तिला खिडकीपाशी नेलं. उजेडात हनुवटी वर धरली, दोन्ही गाल पाहिले, नाक पाहिलं. पुन्हा पुन्हा शोधलं.
काही नव्हतं. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं!