कामिनीचा पासपोर्ट परत आणा

कामिनीच्या बाबांना,

नमस्कार शेवटी करते. मला न विचारता पोरीचं भुसावळचं नर्सिंग सोडवलं आणि तिला इकडे कामाला धाडायला पासपोर्ट सावद्याच्या एजंटाला देऊन बसलात. फोन उचलत नाही, म्हणून लिहिते.

इथल्या पोलंडच्या कारखान्यातल्या पांढऱ्या बोटींचे फोटो मीच पाठवले, ही माझी चूक झाली. काचेच्या धाग्यांच्या कापडावर रसायनाचा चीक थापून आम्ही त्या बनवतो, हे लिहिलं नाही. काचेची कुसं कातडीत शिरतात, खाजवून हात सोलले. आपल्या केळीचा चीक बरा, तो नुसती साडी खराब करतो.

माझं मी बघते, काळजी करू नका. आईंचा गुडघा कसा आहे?

पण कामिनी इथं येणार नाही. शनिवारपर्यंत पासपोर्ट घरात आणि पोरगी कॉलेजात, असं तिच्या हातचं उत्तर पाहिजे. नमस्कार त्यानंतर.

सुनंदा