पूर्वीचे आजार : नाही

४ मार्च
परदेशी बदली होऊन दोन महिने झाले. ऑफिसातली बाई म्हणते, हेल्थ इन्शुरन्सचा प्लॅन महिनाअखेरपर्यंत स्वतःच निवडा. निवडणार. बायको म्हणते, भाऊजींना विचारा. भाऊजी म्हणजे माझा साडू. दहा वर्षं याच देशात, विमा कंपनीत क्लेम तपासतो. म्हणजे लोकांना नाही म्हणायचा पगार घेतो. त्याला विचारण्यापेक्षा आजारी पडलेलं बरं.

९ मार्च
तीन प्लॅन आहेत. एक्सेल शीट केली. अठरा कॉलम. रंग भरले. निर्णय उद्या.

१७ मार्च
निर्णय व्हायचाय. साडूचा फोन. मी झोपलोय असं बायकोला सांगायला लावलं. त्याने तिला चाळीस मिनिटं समजावलं. तेवढा वेळ डोळे मिटून पडलो. तत्त्वाचा प्रश्न आहे.
निरोप असा: शेजारच्या देशांत चालेल असा घ्या आणि जुने आजार लपवू नका. विचारलं होतं कोणी?

३० मार्च, संध्याकाळ
फॉर्म भरला. शेजारचे देश घेतले. ते माझ्या शीटमध्ये आधीच होते. 'पूर्वीचे आजार' समोर लिहिलं, नाही. बायको म्हणाली, अहो, गेल्या वर्षीचा मुतखडा? म्हटलं, तो पडला. पडून गेलेली वस्तू माझी कशी? ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

१९ एप्रिल
चार दिवस सीमेपलीकडे फिरायला. ट्रेनमध्ये बायकोचं एकच, पाणी प्या. मुद्दाम नाही प्यायलो.

२० एप्रिल, दुपार
हॉस्पिटल. सकाळी कमरेतून कळ आली. हॉटेलच्या जिन्यात गुरासारखा ओरडलो, असं बायको म्हणते. तिला अतिशयोक्तीची सवय आहे. डॉक्टर पोरसवदा मुलगी. चाचपडत होती, म्हणून मीच सांगितलं: मुतखडाय, गेल्या वर्षी हुबेहूब असाच, डावीकडे. तिने सगळं लिहून घेतलं. शिकेल हळूहळू.

२१ एप्रिल
क्लेम नाकारला. कारण: जुना आजार लपवला, रुग्णाने स्वतः डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर चहाडखोर निघाली. खडा अडकलाय, ऑपरेशन लागेल, आणि बिलाला पगारदार हमीदाराच्या सहीशिवाय करणार नाहीत. बायकोने नकाराचा कागद माझ्या छातीवर ठेवला आणि साडूला फोन लावला. मला न विचारता.

२२ एप्रिल
सकाळी साडू आला. सहा तास गाडी चालवून. सही केली. त्याच्या टोमण्यांसाठी मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. टोमणा मारेचना. खुनशी माणूस.

२३ एप्रिल
काल ऑपरेशन झालं. उठायची बंदी. दुपारी बायको खाली जेवायला गेली आणि मला घाईची लघवी लागली. बेल दाबली, नर्स येईना. साडूने भांडं धरलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.
मला होईना. बराच वेळ.
त्याने हात लांब करून बेसिनचा नळ थोडा सोडला.
मग झाली.