आफ्रिकेहून आलेलं क्रियापद

डोंबिवली, ता. ५ मे १९५५

चि. गोविंदास, कमळाताईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझा खोकला कमी झाला का ते कळव. तपकीर सोड असं सांगणं मीच सोडून दिलं आहे.

कामाचं असं. माझ्या शालूच्या बालवाडीचं तू ऐकलं आहेसच. शेजारच्या काळुरामशेटने आपली लांब पडवी भाड्याने द्यायचं कबूल केलं, किल्लीही दिली. जूनपासून मुलं बसवायची. पण पाट, फळा, खेळणी, सगळंच आणायचं, म्हणून शालूने नैरोबीला सहदेवभाऊंना पत्र घातलं. यांचे बालमित्र ते. हे गेल्यावरही दिवाळीला चौकशी करतात. त्यांचं उत्तर आलं, पण इंग्रजीत. डोळे अधू झाल्यामुळे हल्ली कचेरीतल्या टायपिस्टाकडून लिहून घेतात.

शालू म्हणते, पैसे मिळाले. पण मॅट्रिक झाली तरी ती आपल्याला हवं तेवढंच वाचते. म्हणून त्यातलं मुख्य वाक्य मी रांगोळी काढावी तसं अक्षर अक्षर उतरवून सोबत पाठवते. शालू ते 'आय विल स्टेक शालू' असं वाचते. त्यातलं 'स्टेक' म्हणजे काय रे? दिले, उसने दिले, की भागी मागितली? बालवाडी नाही चालली तर भरून कुणी द्यायचं? माझ्याकडे या दोन खोल्यांशिवाय काही नाही, आणि त्या मी न समजलेल्या शब्दापायी घालवणार नाही. महिनाअखेर उत्तर मागितलं आहे.

मुलांना पापा. तुला काही म्हणत नाही, मोठा झालास.

तुझी ताई

---

नौपाडा, ठाणे, ता. ८ मे

ती. कमळाताईस, गोविंदाचा शि. सा. न. वि. वि.

खोकला आहे, तपकीरही आहे. दोघांचं जमतं.

तुझी रांगोळी पोचली. कोश उघडला. पहिला अर्थ खुंटा. शालू गाय नसल्यामुळे पुढे सरकलो. दुसरा, माणसाला बांधून जाळण्याचा खांब. सहदेवभाऊंचा स्वभाव पाहता हाही सोडला. मग क्रियापद आलं: पैज मारणे, पणाला लावणे, जोखीम पत्करणे, भांडवल पुरवणे. पुढे वेजर, व्हेंचर, बॅक अशी भावकी. एकाकडे चौकशीला गेलो की तो दुसऱ्याचं घर दाखवतो, आणि शेवटचा मला परत पहिल्याच्या दारात आणून सोडतो. संस्कृतात 'पण' म्हणावं तर मला द्यूतसभाच दिसते, आणि तिथे लेकीसुनांचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

शाळेत विचारलं. हेडमास्तर म्हणाले देणगी, गणिताचे मास्तर म्हणाले भागीदारी. मला दोघांचंही पटलं, त्यामुळे होतं तेवढंही कळेनासं झालं. बुडाल्यावर भरून कुणी द्यायचं, याबद्दल कोश मौन पाळतो.

एवढं मात्र कर. आफ्रिकेच्या पैशाचं काळुरामशेटच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तो पडला मिठागराचा माणूस. पाणी दिसलं की त्याचं मीठ करतो. भाडं दुप्पट होईल.

शालूस आशीर्वाद. तुझ्या लोभाची मेख अजून घट्ट आहे असं समजून चालतो.

गोविंदा

---

डोंबिवली, ता. ११ मे

चि. गोविंदास आशीर्वाद.

इतका शिकलास आणि हे सगळं उघड्या कार्डावर लिहिलंस? आमचा पोस्टमन धोंडीबा जिना चढत नाही. कार्डं तळमजल्यावर रखमाबाईंच्या हाती देतो, आणि त्या ज्याचं त्याला देण्याआधी नळावर मोठ्याने वाचतात, सुखदुःख सगळ्यांना कळावं म्हणून. हे तुला दहा वर्षं माहीत आहे. तुझ्या मूळव्याधीचं आम्हाला असंच कळलं होतं.

काळुरामशेट बैलांना पाणी दाखवायला तिथेच आलेले. मिठाचं वाक्य त्यांनी पूर्ण ऐकलं, बैलांना तसंच परत नेलं. तासाभराने त्यांची सून मालन आली आणि पडवीची किल्ली मागून घेऊन गेली. वरच्या सखुबाई विचारून गेल्या की शालूला फाशांवर लावलंय ते खरं का, आणि कोण जिंकलं. मी काय सांगू? मलाच कळलेलं नाही.

शालूने वहीत तेवीस मुलांची नावं लिहिली आहेत. ती उघडून बसते आणि एकेक नाव पुन्हा वाचते. काय करायचं ते तू कर.

ताई

---

नौपाडा, ता. १३ मे

ती. ताईस शि. सा. न.

हेही कार्डच आहे, आणि या वेळी मुद्दाम. रखमाबाईंनी कृपा करून सावकाश आणि मोठ्याने वाचावं. शक्य तर बैल पाण्यावर येण्याच्या वेळी.

काळुरामशेट, तुमच्याबद्दल मी जे लिहिलं ते वाईट होतं, आणि खोटंही. तुम्ही माझ्या भाचीला जागा देत होता आणि मी इथे बसून तुमचा स्वभाव ठरवत होतो. मुलांना शब्दांचे अर्थ शिकवणाऱ्याला माणसाचा अर्थ न बघता सांगायची खोड लागते. रविवारी सकाळी तुमच्या दारात येऊन उभा राहीन. आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. राग माझ्यावर ठेवा, पडवीवर नको.

गोविंदा

---

डोंबिवली, ता. १७ मे

चि. गोविंदास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू शेटच्या ओट्यावर अर्धा तास उभा राहिलास आणि त्यांनी तुला नुसता चहा दिला, म्हणून तू खाली मान घालून गाडीला गेलास. थांबला असतास तर बरं झालं असतं. संध्याकाळी ते स्वतः आले.

येऊन आधी विचारलं, मास्तरांच्या पुस्तकात सापडलं का. मी म्हटलं, नाही. मग सांगू लागले. त्यांचा बापूस कोपरीकडे मिठागरावर होता. भरतीने लागोपाठ दोन वर्षं बांध फोडला. तिसऱ्या वर्षी हातात काही नाही. तेव्हा भिवा नावाच्या होडीवाल्याने हंगामाआधी तांदूळ दिला, माणसं दिली, आणि म्हणाला, मीठ पिकलं तर दे, वाहून गेलं तर तुझ्याबरोबर माझंही गेलं. शेट म्हणाले, आपल्याला इंग्रजी येत नाही, पण तुमचा आफ्रिकावाला हेच म्हणत असणार. नसेल म्हणत तर त्याला विचारून घ्या, त्यात लाज कसली.

मग किल्ली काढून शालूच्या वहीवर ठेवली. पहिलं वर्ष भाडं नाही. मुलं टिकली तर पुढच्या वर्षी बोलू, नाही टिकली तर पडवी कुठे चालली आहे?

शालूने रात्रीच सहदेवभाऊंना मराठीत लिहिलं: चाललं तर परत करू, बुडालं तर तुमचंही बुडालं, कबूल असेल तरच पाठवा. मी खाली सही केली.

ताई

---

नौपाडा, ता. २ जून

ती. ताईस शि. सा. न.

'कबूल' एवढीच तार आल्याचं तुझ्या कार्डावरून कळलं. म्हणजे रखमाबाईंना माझ्याआधी कळलं असणार. त्यांचा मान आहे.

काल कोश पुन्हा उघडला. खुंटा, खांब, पैज, सगळे जागच्या जागी होते. समासात थोडी जागा होती. तिथे पेन्सिलीने लिहिलं: काळुराम पाहा.

उद्घाटनाला येतो, तपकीर घरी ठेवून. जशी आहेस तशीच माझ्यावर रागावत राहा.

तुझा
गोविंदा